चार वर्षं पूर्ण झाली म्हणून बूस्टर सीट द्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सव्वाचार वर्षांचा, वजन साडेपंधरा किलो, उंची १०३ सेंटिमीटर. घर ग्वाल्हेरच्या मुरार भागात, शाळा तिथल्याच सिटी सेंटरच्या बाजूला, आणि महिन्यातून एकदा झाशीला आजोळी जाणं. यंदा ग्वाल्हेरच्या मेळ्यातून नवी गाडी घेतली. जुन्या गाडीतली हार्नेसची, म्हणजे मुलाला सीटच्याच पट्ट्यांनी बांधणारी, ९ ते १८ किलोंची कार सीट नव्या गाडीत बसवली आहे. पण मुलगा त्यात बसायला रडतो. खांद्याला टोचतं म्हणतो, आणि त्याचे पाय पुढच्या सीटला लागतात. दुकानदाराने सांगितलं, ‘चार पूर्ण झाले ना, आता बूस्टर घ्या.’ बूस्टरच्या, म्हणजे मुलाला उंच करून गाडीच्याच पट्ट्यात बसवणाऱ्या सीटच्या, खोक्यावरही ‘१५ ते ३६ किलो’ असं लिहिलेलं आहे. घरी आजी म्हणतात, एवढ्याशा अंतराला हे सगळं कशाला, मी मांडीवर घेते. तर बूस्टर घ्यावी का?

माझं मत आधी सांगते: आत्ता घेऊ नका. बहुधा अजून वर्षभर तरी तुमच्या मुलाची जागा हार्नेसच्या सीटमध्येच आहे, आणि त्याचं रडणं पाच-दहा मिनिटांच्या कामाने थांबण्याची बरीच शक्यता आहे. मी लष्करात बालरोगतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षं काम करते. लसीकरणाला येणाऱ्या पालकांशी गाडीतल्या सीटबद्दल बोलायची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे, आणि वेळ असेल तर खाली जाऊन त्यांच्या गाडीत मूल बसवूनही बघते. तुमच्यासारखा प्रश्न वारंवार येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वरवर पाहता प्रश्न बूस्टरचा वाटतो, पण मला त्याआधी दुसरं काही विचारावंसं वाटतं. आत्ताची सीट खरोखर लहान झाली आहे का? आणि झाली असेल, तर तुमचा मुलगा गाडीच्या साध्या पट्ट्यात पूर्ण प्रवासभर सरळ बसून राहील का? या दोन्हींचं उत्तर ‘हो’ आल्याशिवाय बूस्टरचा विचार करू नये. वय हा त्यातला फार ढोबळ भाग आहे.

बूस्टर काय करते ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडतं. बूस्टर मुलाला धरून ठेवत नाही. ती मुलाला फक्त वर उचलते. मुलाला धरून ठेवतो तो गाडीचा पट्टा, आणि तो पट्टा मोठ्या माणसाच्या मापाने बसवलेला असतो. लहान मूल थेट सीटवर बसलं तर खांद्याचा पट्टा मानेवर येतो आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो. बूस्टरवर बसलं की मूल उंच होतं, खांद्याचा पट्टा गळ्यापासून दूर खांद्याच्या मध्यावर येतो आणि कमरेचा पट्टा मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर खाली बसतो. बूस्टरचं काम एवढंच, पण ते फार महत्त्वाचं आहे.

कमरेच्या हाडांचा मी आग्रह धरते, त्याला कारण आहे. मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडाला पुढच्या बाजूने जो कंगोरा असतो, त्यात पट्टा अडकून राहतो. लहान मुलांमध्ये तो कंगोरा पुरता तयार झालेला नसतो. तो नीट आकाराला यायला साधारण दहा वर्षं लागतात. त्यामुळे मूल जरा जरी पुढे घसरून बसलं असेल, तर जोराच्या धडकेत त्याचं शरीर पट्ट्याखालून पुढे सरकतं आणि पट्टा पोटात रुततो. आतडी फाटणं, आतड्यांना रक्त पुरवणारा पडदा फाटणं, पट्ट्याच्या पातळीवर पाठीचा मणका मोडणं, अशा इजा यातून होतात. शिकत असताना मी असं मूल पाहिलं आहे: बाहेरून पोटावर पट्ट्याच्या रुंदीचा निळसर वळ, मूल बोलतंय, आणि आत मात्र शस्त्रक्रियेची वेळ आलेली. म्हणून जाता जाता एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. अपघातानंतर मुलाच्या पोटावर पट्ट्याचा वळ दिसला, तर मूल कितीही खेळतं दिसलं तरी त्याला ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

आता हार्नेस पाहा. त्यात दोन्ही खांदे, कमरेच्या दोन्ही बाजू आणि मांड्यांच्या मध्ये, असं पाच ठिकाणी मूल धरलेलं असतं. मांड्यांमधल्या पट्ट्यामुळे ते खाली घसरू शकत नाही. मूल झोपलं, वाकलं, रुसून आडवं व्हायला गेलं, तरी हार्नेस आपलं काम करत राहतो. बूस्टरमध्ये तसं नाही. तिथे अर्धं काम पट्ट्याचं आणि अर्धं मुलाच्या बसण्याचं असतं. मूल नीट बसलं तर बूस्टर उत्तम. मूल वाकडं झालं की तिचा उपयोग तेवढा कमी. हार्नेसमधून बूस्टरमध्ये जाताना मूल मोठं झाल्याचा आपल्याला आनंद होतो, पण संरक्षण मात्र एक पायरी खाली उतरतं. म्हणून त्या पायरीवर लवकर उतरण्यात मुलाचा काही फायदा नाही.

मग ‘चार वर्षं’ कुठून आलं? अमेरिकेतल्या मार्गदर्शनात चार हे बूस्टरसाठी किमान वय धरतात, म्हणजे त्याआधी विचारच करू नका, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘चार झाले की बदला’ असा करून ठेवला आहे. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची २०१८ ची शिफारस तर स्पष्ट आहे, की सीटच्या वजनाची किंवा उंचीची कमाल मर्यादा गाठेपर्यंत मूल हार्नेसमध्येच ठेवावं. शिवाय आपल्या मुलांच्या अंगकाठीचाही विचार करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मध्यावरचा मुलगा चौथ्या वाढदिवसाला १६.३ किलो आणि पाचव्या वाढदिवसाला १८.३ किलो असतो. माझ्याकडे येणारी कितीतरी निरोगी, छान वाढणारी मुलं या आकड्यांच्या खाली असतात. तुमचा मुलगाही सव्वाचारला साडेपंधरा किलोंचा आहे, आणि त्यात काळजीचं काही नाही. मात्र दुकानदाराच्या डोळ्यासमोरचं चार वर्षांचं मूल आणि तुमच्या घरातलं मूल एकाच मापाचं नाही, हे लक्षात घ्या.

खोक्यावरच्या ‘१५ ते ३६ किलो’चंही तसंच. ही जुन्या युरोपीय मानकातली वजनाची विभागणी आहे. ९ ते १८ किलो हार्नेस, आणि १५ किलोंपासून पुढे बूस्टर. मधले तीन किलो दोन्हीकडे येतात, कारण मुलं एका मापाने वाढत नाहीत. एखादं मूल उंच आणि किरकोळ असतं, खांदे हार्नेसच्या वर जातात पण वजन १६ च असतं, त्याला जागा हवी. १५ म्हणजे त्याखाली ही सीट वापरूच नये, अशी तळाची रेघ आहे. तुमचा मुलगा त्या रेघेच्या जेमतेम अर्धा किलो वर आहे. नव्या युरोपीय मानकात वजनाऐवजी उंची धरतात: पाठ असलेली बूस्टर १०० सेंटिमीटरपासून पुढे, आणि नुसती बैठक असलेली, बिनपाठीची बूस्टर १२५ सेंटिमीटरपासून पुढे. दुकानात स्वस्त मिळते ती बहुतेक हीच बिनपाठीची असते. तुमच्या मुलाला तिथे पोचायला अजून बरीच वर्षं आहेत.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते, म्हणजे रडण्याकडे. खांदे टोचतात असं मूल म्हणालं की मी सगळ्यात आधी सीटच्या पाठीमागे हात घालून बघते. हार्नेसचे खांद्याचे पट्टे ज्या खाचांतून येतात, त्या वर-खाली करता येतात. सीट आणली तेव्हा मूल दीड वर्षाचं होतं, पट्टे खालच्या खाचेत होते, आणि तेव्हापासून ते तिथेच आहेत, असं फार घरांत दिसतं. मूल उंच झालं, पट्टे मात्र पाठीतून निघून खांद्यावर चढून खाली ओढायला लागले. मग टोचणारच. पुढे तोंड करून बसणाऱ्या मुलाचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वर असायला हवेत. सीटची पुस्तिका काढा, पट्टे वरच्या खाचेत न्या, मांड्यांमधला पट्टा पुढे घेता येत असेल तर पुढे घ्या. मागचं जास्तीचं गादीचं कापड लहान बाळासाठी असतं. ते अजून आत असेल तर काढून टाका. यानंतर पट्टा आवळा, आणि खांद्याजवळ तो चिमटीत पकडून पाहा. घडी पडत असेल तर अजून सैल आहे.

पाय पुढच्या सीटला लागतात, याने सीट लहान झाली असं ठरत नाही. पाय वाकवून, मांडी घालून मुलं आरामात बसतात, आणि आपली मुलं तर मांडी घालून बसण्यात पटाईतच असतात. हार्नेसची सीट लहान झाली हे कशावरून ओळखायचं? सर्वांत वरच्या खाचेच्याही वर खांदे गेले, किंवा कानाचं वरचं टोक सीटच्या पाठीच्या वर आलं, किंवा वजन लेबलवरच्या मर्यादेपर्यंत पोचलं, यांतलं काहीही एक झालं की सीट संपली. तुमच्या मुलाला वजनाचे अडीच किलो बाकी आहेत. या वयात वर्षाला साधारण दोन किलो आणि सहा-सात सेंटिमीटर वाढ होते. म्हणजे वजनाच्या हिशोबाने सीट वर्षभर तर नक्की चालेल. खांदे मात्र आज मोजून पाहा, कारण काही सीट्सच्या वरच्या खाचा कमी उंचीवर असतात आणि तिथे मूल आधी पोचतं.

सीट नव्या गाडीत कशी बसवली आहे, तेही याच वेळी बघून घ्या. गाडीचा पट्टा किंवा आयसोफिक्सचे आकडे (म्हणजे गाडीतल्या पक्क्या कड्यांना सीट थेट अडकवणारे हूक) जिथून जातात, तिथे सीट धरून डावी-उजवीकडे आणि पुढे हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलायला नको. वरचा टेदर पट्टा, म्हणजे सीटचा वरचा भाग मागे बांधून ठेवणारा पट्टा, असेल तर तो गाडीतल्या ठरलेल्या कडीलाच अडकवा, कारण धडकेत मुलाचं डोकं पुढे किती झेपावतं ते त्यावर बरंच अवलंबून असतं. हा पट्टा न लावताच सीट वापरणारे पालक मला नेहमी भेटतात.

समजा मोजून पाहिलं आणि खांदे खरंच वर गेले आहेत. मग? तेव्हा परिस्थिती बदलते, आणि तेव्हा मी विचारते ते मुलाच्या स्वभावाबद्दल. न्हाव्याच्या खुर्चीत तो केस कापून होईपर्यंत बसतो का? घरच्या गणपतीत आरती संपेपर्यंत एका जागी थांबतो का, की मधेच प्रसादाच्या ताटाकडे जातो? ‘मधे उठायचं नाही’ असं सांगितलं तर आपण मागे वळून न बघताही ते पाळतो का? गाडीत बकल उघडायचा नाद आहे का? खाली पडलेलं खेळणं उचलायला पट्ट्यातून अर्धा बाहेर येतो का? खांद्याचा पट्टा काखेखाली किंवा पाठीमागे सारतो का? काखेखालून घेतलेला पट्टा धडकेत बरगड्यांवर आणि त्यांखालच्या यकृत-प्लीहेवर येतो. तो नसल्यासारखाच, किंबहुना काही वेळा त्याहून वाईट. चार वर्षांच्या मुलांपैकी फार थोडी मुलं यात टिकतात. पाचचा मध्य ते सहा, या काळात बहुतेकांत ती समज येते. काहींना सातवं लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

झोपेचा प्रश्न तर वेगळाच. ग्वाल्हेरहून झाशी म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर. डबरा गेलं की मुलं पेंगायला लागतात आणि दतियापर्यंत गाढ झोपतात. बूस्टरवर झोपलेलं मूल एका बाजूला कलंडतं, खांदा पट्ट्यातून निघतो, कमरेचा पट्टा पोटावर सरकतो, आणि नेमका त्या वेळी आपण महामार्गावर ८०-९० च्या वेगात असतो. म्हणून मी पालकांना सांगते की शहरातल्या दहा मिनिटांवरून बूस्टरचा निर्णय करू नका. तुमच्या सर्वांत लांबच्या नेहमीच्या प्रवासावरून करा. मुरार ते सिटी सेंटर नीट बसणारा मुलगा झाशीच्या रस्त्यावर कसा बसतो, ते खरं माप.

तो दिवस येईल तेव्हा बूस्टर पाठ असलेलीच घ्या. तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना आधार असतो, झोपल्यावर मूल कमी कलंडतं, बाजूने धडक बसली तर डोक्याला थोडं कवच मिळतं, आणि खांद्याचा पट्टा योग्य जागी धरणारी खाच तिच्यात असते. लहान गाड्यांत मागच्या सीटची पाठ बुटकी असते, काहींत हेडरेस्ट वर-खालीही होत नाही. तिथे बिनपाठीच्या बूस्टरवर बसलेल्या मुलाच्या डोक्यामागे काहीच उरत नाही. काही बूस्टरना आयसोफिक्सचे आकडे असतात. ते चांगले, पण ते फक्त रिकामी सीट जागेवर धरतात. मूल धरतो तो पट्टाच. आकडे नसतील तर मूल गाडीत नसतानाही बूस्टरला पट्टा लावून ठेवा, नाहीतर जोरात ब्रेक लागल्यावर ती रिकामी सीट पुढच्या माणसाच्या डोक्यावर येते.

पट्टा ओवतानाही सर्रास गोंधळ होतो. कमरेचा पट्टा बूस्टरच्या दोन्ही हातांच्या खालून न्यायचा. खांद्याचा पट्टा बकलच्या बाजूच्या हाताखालून येऊन वर डोक्याजवळच्या लाल खाचेतून जायला हवा, आणि ती खाच खांद्याच्या जराशी वर असावी. लावून झाल्यावर बोटाने पाहा: कमरेचा पट्टा मांडीला टेकलेला हवा, पोटाला नाही. आणि तीन टोकांचा पट्टा नसेल, नुसता कमरेचाच असेल, तर त्या जागेवर बूस्टर वापरायचीच नाही. तसं केलं तर वरचं शरीर मोकळं राहतं आणि सगळा जोर पोटावर येतो.

९ ते ३६ किलो असं लिहिलेल्या एकत्र सीट्सही बाजारात असतात. पुढे नवी सीट घ्यायची वेळ आली तर त्यांचा विचार करायला हरकत नाही, पण त्यांच्यातल्या बहुतेकींत हार्नेस १८ किलोंपर्यंतच वापरायचा असतो, त्यापुढे तो काढून तीच सीट बूस्टर म्हणून वापरायची असते. ३६ हा आकडा पाहून हार्नेसही ३६ किलोंपर्यंत चालतो, असा समज करून घेऊ नका. लेबल दुकानातच नीट वाचा.

इथवरचं तुमच्या मुलापुरतं सांगायचं तर: आज पट्टे वरच्या खाचेत न्या, सीट घट्ट बसवा, खांदे आणि कान कुठवर येतात ते पाहून सीटच्या कडेला तारीख लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी पुन्हा बघा. खांदे, कान किंवा वजन यांपैकी काही मर्यादेला पोचलं आणि तोवर मुलगा लांबच्या प्रवासात सरळ बसून राहायला लागलेला असेल, तर पाठीची बूस्टर. खांदे पोचले पण समज आलेली नसेल, तर उंच खाचांची दुसरी हार्नेस सीट शोधा.

आजींबद्दल. त्यांच्या मनात माया आहे आणि मी ती कधीच नाकारत नाही, पण मांडीचा हिशोब मी प्रत्येक आजीला शांतपणे सांगते. ५० च्या वेगात गाडी धडकून थांबली तर काही क्षणांपुरता शरीरावर वजनाच्या वीस पट जोर येणं सहज शक्य आहे. साडेपंधरा किलोंचं मूल त्या क्षणी ३०० किलोंसारखं होतं. कुठल्याच आजीच्या, कुठल्याच पैलवानाच्या हातात ते राहत नाही. आणि आजींनी स्वतः पट्टा लावला नसेल तर त्यांचं शरीर मागून मुलावर आदळतं. मागे दोन मुलं आणि आजी अशी दाटी होत असेल तर आजींना पुढे बसवा, पट्टा लावून, आणि मुलं मागे. मुलांना पुढे बसवू नका; पुढची एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीसाठी असते, आणि तेरा वर्षांपर्यंत मुलांची जागा मागेच.

परिस्थितीवर अवलंबून असलेलं एक मान्य करायलाच हवं. लग्नासाठी दुसऱ्याच्या गाडीतून जायचं आहे, हार्नेसची सीट तिथे बसतच नाही, किंवा ती तुमच्याकडेच नाही. तेव्हा चार वर्षांच्या, १५ किलोंच्या वरच्या मुलाला पाठीची बूस्टर आणि तीन टोकांचा पट्टा हे नुसत्या पट्ट्यापेक्षा पुष्कळ बरं, आणि मांडीपेक्षा तर कितीतरी बरं. मात्र मग मागे मोठं माणूस त्याच्या शेजारी जागं बसलेलं हवं, झोप लागली तर सरळ करायला. आपल्या शहरातली बहुतेक मुलं शाळेत व्हॅनने, ऑटोने, स्कूटरवर जातात, तिथे बूस्टरचा काही उपयोग नाही, हेही मला माहीत आहे. स्कूटरसाठी २०२२ च्या केंद्राच्या नियमाने चार वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट, मोठ्या माणसाशी बांधणारा सुरक्षा पट्टा आणि ४० च्या आतला वेग सक्तीचा केला आहे. तुमचा मुलगा चारच्या वर गेला म्हणून हेल्मेट काढू नका.

‘कायदा काय म्हणतो’ असंही पालक विचारतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४ ब, १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा सीट नसेल तर १,००० रुपये दंड सांगतं. पण पट्टा की सीट, हार्नेस की बूस्टर, हे तो पालकांवर सोडतो, त्यामुळे दंड टळला म्हणजे मूल सुरक्षित बसलं असं समजू नये. तसंच गाडीच्या ताऱ्यांचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या, म्हणजे गाड्या धडकवून त्यांना सुरक्षेचे तारे देण्याच्या, चाचण्या सुरू झाल्या, ही फार चांगली गोष्ट आहे, आणि त्यात मुलांच्या सुरक्षेला वेगळे ४९ गुण आहेत. पण धडकेच्या चाचणीत बसवलेले पुतळे दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांचे असतात, योग्य त्या बालसीटमध्ये. बूस्टरवर वाकडं झोपलेल्या सहा वर्षांच्या मुलाचं काय होईल, ते त्या ताऱ्यांत दिसत नाही.

आपल्या गावच्या हवेचंही थोडं. जानेवारीच्या धुक्यात आपण मुलांना फुगीर जाकीट घालून सीटमध्ये बसवतो आणि हार्नेस आवळल्यासारखा वाटतो. धडकेत जाकिटातली हवा दबते आणि पट्टा एकदम सैल होतो. जाकीट काढा, पट्टे आवळा, मग वरून शाल किंवा तेच जाकीट उलटं पांघरा. बूस्टरवरही हेच, कारण जाड जाकिटावरून कमरेचा पट्टा पोटावर चढतो. मे महिन्यात याच्या उलट. उन्हात उभ्या गाडीतल्या बकलने मांडीला चटका बसतो, आणि एकदा भाजलं की मूल त्या सीटकडे फिरकत नाही. तुमच्याकडच्या रडण्यात याचाही वाटा आहे का, ते आठवून पाहा. गाडी उभी करताना सीटवर पांढरं ओलसर फडकं टाका, बसवण्यापूर्वी बकल स्वतःच्या हाताने चाचपा. आणि पट्टे उघडायला वेळ लागतो म्हणून ‘दोन मिनिटांत येते’ म्हणत मुलाला बंद गाडीत एकटं कधीही ठेवू नका.

बूस्टर आली की ती किती वर्षं, असं तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. साधारण १४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत, म्हणजे आपल्या मुलांत दहा ते बारा वर्षांपर्यंत. पाठ सीटला पूर्ण टेकून गुडघे सीटच्या काठावर वाकतात, कमरेचा पट्टा मांड्यांवर, खांद्याचा पट्टा खांद्याच्या मध्यावर, आणि पूर्ण प्रवास असंच बसता येतं, हे सगळं जमलं की बूस्टर काढा. ‘दुसरीत गेला, आता कसली सीट’ हे मी दर जूनमध्ये ऐकते, आणि दर वेळी त्या मुलाला गाडीत बसवून पट्टा त्याच्या गळ्यावर कसा येतो ते आईबाबांना दाखवते. दाखवल्यावर बहुतेकांना पटतं.

राहिलं झाशीचं. आजोळी गेल्यावर मामाच्या गाडीतून फिरणं होत असेल तर तुमची हार्नेस सीट काढून तिथे बसवावी लागेल, आणि ती बसते का हे आधीच कळलेलं बरं. निघण्यापूर्वी मामाला फोन करून विचारा, त्यांच्या गाडीत मागे तीन टोकांचे पट्टे आहेत का, आयसोफिक्सच्या कड्या आहेत का, आणि वरून चढवलेल्या नव्या सीट कव्हरखाली बकल दबून गेलेले तर नाहीत ना. बहुतेक गाड्यांत ते दबलेलेच असतात. कव्हर दोन ठिकाणी उसवून ते वर काढायला सांगा.